ऑस्करच्या 'समावेशकता निकषां'त नेमकं काय लिहिलंय? (आणि काय नाही)

आडपडदा:
"आता ऑस्कर हवं तर सिनेमात एक काळा, एक चिनी, एक अपंग घालावाच लागतो." हे वाक्य परवा दुसऱ्या धाग्यावर पुन्हा वाचलं. व्हॉट्सॲपवर इतकं फिरलंय की लोकांनी आता मूळ नियम बघायचंच सोडून दिलंय. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

निकष फक्त 'सर्वोत्कृष्ट चित्रपट' या एकाच पुरस्काराला लागू आहेत. अभिनय, दिग्दर्शन, संकलन, छायाचित्रण कशालाच नाहीत. सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले, पहिली दोन वर्षं नुसता फॉर्म भरायचा होता, आणि सक्ती आली ती २०२३ च्या चित्रपटांपासून, म्हणजे मार्च २०२४ च्या ९६व्या सोहळ्यापासून. साचा ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या निकषांवरून घेतलेला आहे. फॉर्म गोपनीय असतो. कोणत्या चित्रपटाने काय भरलं ते बाहेर येत नाही.

निकष चार, त्यातले कोणतेही दोन पुरे करायचे.

अ म्हणजे पडद्यावर. तीन पर्याय, एक पुरे: एखादी मुख्य किंवा महत्त्वाची सहाय्यक भूमिका वांशिक अल्पसंख्य कलाकाराकडे; किंवा दुय्यम आणि छोट्या भूमिकांपैकी किमान ३० टक्के कलाकार कमी प्रतिनिधित्व असलेल्या किमान दोन गटांतले; किंवा कथाविषयच अशा गटाबद्दलचा. गट म्हणजे स्त्रिया, वांशिक अल्पसंख्य, एलजीबीटीक्यू आणि अपंग किंवा कर्णबधिर व्यक्ती. हो, स्त्रिया यात आहेत. हे वाचून निम्म्या लोकांचा आवेश उतरतो.

ब म्हणजे पडद्यामागे. विभागप्रमुखांपैकी (दिग्दर्शक, लेखक, छायालेखक, संकलक, संगीतकार, वेशभूषाकार, केशभूषाकार, रंगभूषाकार वगैरे चौदा पदांची यादी आहे) किमान दोघे या गटांतले, त्यात एक वांशिक अल्पसंख्य. किंवा इतर तांत्रिक पदांवर किमान सहा वांशिक अल्पसंख्य व्यक्ती. किंवा एकूण क्रूच्या ३० टक्के.

क म्हणजे पगारी इंटर्नशिप आणि प्रशिक्षण. मोठ्या स्टुडिओला बहुतेक विभागांत सतत चालू असलेला कार्यक्रम लागतो, छोट्या कंपनीला किमान दोन इंटर्न पुरतात, त्यातला एक वांशिक अल्पसंख्य.

ड म्हणजे मार्केटिंग, प्रसिद्धी, वितरण या विभागांत या गटांतले एकाहून अधिक वरिष्ठ अधिकारी.

आता क आणि ड परत वाचा. दोन्ही चित्रपटाबद्दल नाहीतच, कंपनीबद्दल आहेत.

खुसपट:
म्हणजे आरक्षणच की. नाव वेगळं. गुणवत्तेचं काय?

आडपडदा:
खुसपटराव, आरक्षणात जागा राखीव असते. इथे एकही भूमिका राखीव नाही. उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धावरचा चित्रपट, पडद्यावर सगळे गोरे पुरुष. अ मध्ये नापास. पण स्टुडिओ मोठा असेल तर क आणि ड कार्यालयातूनच भरून येतात. झाले दोन. एकही संवाद बदलावा लागला नाही. समजा क नाही जमला, तर क्रूचे ३० टक्के मोजा: वेशभूषा, केशभूषा, रंगभूषा, निर्मिती कार्यालय, स्क्रिप्ट सुपरवायझर. या विभागांत स्त्रिया पहिल्यापासूनच भरपूर असतात, तेवढ्यात ब होऊन जातो.

त्यामुळे माझी तक्रार उलटी आहे. निकष जाचक नाहीत, इतके सैल आहेत की मोठ्या स्टुडिओने काहीही न बदलता पास व्हावं. अडचण झालीच तर ती छोट्या स्वतंत्र निर्मात्याची, कारण त्याच्याकडे ना इंटर्नशिपचा विभाग, ना मार्केटिंगचे वरिष्ठ अधिकारी. त्याला अ आणि ब वरच भिस्त ठेवावी लागते.

वकिली_बाणा:
'आरक्षण' शब्दावर थोडं कायद्याचं, कारण अमेरिकेत ही गाठ विचित्र बसली आहे.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सातवं प्रकरण वंशावरून नोकरी देणं-नाकारणं बेकायदा ठरवतं. त्यात 'कामाची खरीखुरी गरज' म्हणून अपवाद आहे, पण तो धर्म, लिंग आणि राष्ट्रीय मूळ यांनाच. वंशाला तो अपवाद नाही. मग 'कृष्णवर्णीय, वय २५ ते ३०' अशी कास्टिंगची जाहिरात चालते कशी? तर अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधाराने. २०१२ मध्ये टेनेसीतल्या संघीय न्यायालयात दोन कृष्णवर्णीय पुरुषांनी एका डेटिंग रिॲलिटी शोवर दावा लावला होता की मुख्य भूमिकेत कायम गोरेच घेतात. न्यायालयाने दावा काढून टाकला: कोणाला पडद्यावर घ्यायचं हा आशयाचाच भाग आहे, त्याला पहिल्या घटनादुरुस्तीचं संरक्षण आहे.

पण हे संरक्षण कलाकारांपुरतं. कॅमेरा असिस्टंट किंवा सुतार नेमताना 'आम्हाला अमुक वंशाचाच हवा' म्हणालात की सरळ कायदेभंग. म्हणून सगळ्या करारांत 'कोटा' हा शब्द कटाक्षाने टाळतात. 'उद्दिष्ट', 'प्रामाणिक प्रयत्न', 'मुलाखतींचा पूल' (म्हणजे मुलाखतीच्या उमेदवारांचा संच) असे शब्द वापरतात. नेमणूक वंशावरून करता येत नाही, पण मुलाखतीला बोलावायच्या यादीची व्याप्ती वाढवता येते.

तिसरी_घंटा:
वकिलीताई, मुलाखतींच्या पुलावरून 'इन्क्लुजन रायडर' आठवला. मार्च २०१८ मध्ये फ्रान्सिस मॅकडॉर्मंडने ऑस्करच्या भाषणाचा शेवट याच दोन शब्दांनी केला आणि लोक गुगल करत बसले. आराखडा वकील कल्पना कोटगल, संशोधक स्टेसी स्मिथ आणि निर्माती फॅनशेन कॉक्स यांचा.

कल्पना साधी आहे. वजनदार नट करारावर सही करताना स्वतःच्या मानधनासारखंच हे कलम घालतो. स्मिथ यांचा हिशोब असा: एका चित्रपटात बोलणारी पात्रं साधारण ४० ते ४५. त्यातली कथेला खरोखर लागणारी ८ ते १०. उरलेल्या तीसेक भूमिकांना (डॉक्टर, बँकेतला कारकून, शेजारीण, टॅक्सीवाला, न्यायाधीश) वंश किंवा लिंग कथेने ठरवलेलं नसतंच. दिग्दर्शकाच्या कल्पनेला हात न लावता तिथे बदल करता येतो. करारात साधारण चार गोष्टी लिहितात: ऑडिशनला कोणाकोणाला बोलावणार, छोट्या भूमिकांसाठी उद्दिष्ट किती, आकडे कोण नोंदवणार, आणि प्रयत्नच केला नाही तर दंड म्हणून कोणत्या निधीत पैसे भरणार. तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. आकडे नोंदवायला माणूसच नेमला नाही, तर कलम मोडलं हे सिद्ध कसं करणार?

मायकेल बी. जॉर्डनने आपल्या कंपनीसाठी हे लगेच स्वीकारलं. त्याचा 'जस्ट मर्सी' (२०१९) हा वॉर्नरच्या तशा धोरणाखालचा पहिला चित्रपट.

पडद्याआड_पक्या:
एका वाक्याच्या भूमिकेचं महत्त्व इथल्या बऱ्याच जणांना कळणार नाही म्हणून लिहितो. अमेरिकेत एक्स्ट्रा आणि बोलणारा कलाकार यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक्स्ट्राला दिवसाचे पैसे मिळतात आणि विषय संपतो. एक ओळ बोलली की तो 'प्रिन्सिपल': मानधन कितीतरी पट, आणि चित्रपट टीव्हीवर किंवा इतरत्र दाखवला की त्याचा वाटा, ज्याला रेसिड्युअल म्हणतात, वर्षानुवर्षं. शिवाय कलाकार संघटनेचं सदस्यत्व. युनियनच्या कराराखाली बोलणाऱ्या भूमिकेचा एक दिवस भरला की माणूस सदस्यत्वाला पात्र. एक्स्ट्रा म्हणून पात्र व्हायला तसे तीन दिवस लागतात. सदस्यत्व नाही म्हणून युनियनचं काम नाही, आणि काम नाही म्हणून सदस्यत्व नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तीच गत. ती कोंडी फोडायला पडद्यावर "युअर चेंज, मॅम" एवढं वाक्य पुरतं. म्हणून छोट्या भूमिकांच्या ३० टक्क्यांना नाक मुरडू नका.

आणि गळती कुठे होते? ब्रेकडाउनमध्ये. कास्टिंगवाले एजंटांना पात्रांची यादी पाठवतात, तिला ब्रेकडाउन म्हणतात. 'डॉ. मिलर, चाळिशी' एवढंच लिहिलं की एजंट सवयीने गोऱ्यांचे फोटो पाठवतात. 'सर्व वंश' असं स्पष्ट लिहावं लागतं, आणि आडनावही मोकळं सोडावं लागतं. मिलरच्या जागी नुसतं 'डॉक्टर' लिहिलं तरी येणाऱ्या फोटोंचा गठ्ठा बदलतो.

जुनी_रिळं:
कागदी नियमांनी पडदा बदलत नाही असं वाटणाऱ्यांसाठी उलट दिशेचा एक नियम. १९३० ची हेज संहिता (हॉलिवूडच्या स्टुडिओंनी स्वतःवर घालून घेतलेली सेन्सॉरची नियमावली), १९३४ पासून जोसेफ ब्रीनच्या कार्यालयाने कडक राबवलेली. त्यात गोरे आणि काळे यांच्यातले शरीरसंबंध दाखवायला बंदी होती. शब्द 'गोरे आणि काळे' असे होते, पण कार्यालयाने ते आशियाई पात्रांपर्यंत ताणले. बंदी उठली १९५६ मध्ये.

परिणाम बघा. अ‍ॅना मे वाँग, लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली, १९२२ पासून मुख्य भूमिका करणारी. 'द गुड अर्थ' (१९३७) मध्ये चिनी शेतकऱ्याच्या भूमिकेत पॉल म्युनी हा गोरा नट ठरला, आणि त्याबरोबर बायकोच्या भूमिकेत चिनी वंशाची नटी घेण्याची वाटच बंद झाली. ती भूमिका लुईझ रायनरला गेली, वर तिला त्यासाठी ऑस्करही मिळालं. म्हणजे एका भूमिकेत 'यलोफेस' (गोऱ्या कलाकाराला रंगवून आशियाई दाखवणं) केला की नियमाने दुसऱ्यातही करावाच लागे. एक खोटं झाकायला दुसरं.

दुसरी गोष्ट आपल्या मुंबईची. मर्ल ओबेरॉन, जन्म मुंबई, १९११. आईकडून सिलोनचं मूळ. प्रसिद्धीसाठी तिचा जन्म टास्मानियातला दाखवला गेला आणि ती कथा तिने आयुष्यभर निभावली. 'द डार्क एंजल' (१९३५) साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन. १९७९ मध्ये ती गेली. खरं काय ते सगळ्यांसमोर आलं त्यानंतर.

कोपऱ्यातली_खुर्ची:
म्हणूनच २०२३ मध्ये मिशेल योच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या नामांकनाच्या बातम्यांत "स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली" अशी तिरपागडी शब्दरचना होती! तेव्हा कळलं नव्हतं. धन्यवाद जुनी_रिळं.

जुनी_रिळं:
बरोब्बर. आणि यो ही त्या पुरस्कारातली दुसरीच बिगरगोरी विजेती. पहिली हॅले बेरी, २००२. मधली एकवीस वर्षं कोरडी. २०१५ आणि २०१६ ला तर अभिनयाच्या चारही विभागांतली वीसच्या वीस नामांकनं दोन्ही वर्षी गोऱ्यांना गेली. त्यावरूनच एप्रिल रेनचा #OscarsSoWhite हा हॅशटॅग आला आणि ऑस्कर देणाऱ्या अकादमीने सदस्यसंख्या वाढवायला घेतली.

निगेटिव्ह:
धागा करार-कायद्यात अडकलाय, थोडा कॅमेऱ्याकडे आणतो. कलाकार घेतला, पण नीट दिसलाच नाही तर काय उपयोग?

प्रकाश मोजणारा मीटर समोर १८ टक्के प्रकाश परत देणारा राखाडी रंग आहे असं गृहीत धरतो. गोरी त्वचा त्याहून साधारण एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) वर, गडद त्वचा एखादा स्टॉप किंवा जास्त खाली. एका फ्रेममध्ये दोघं समोरासमोर बसले की फरक दोन स्टॉपच्या पुढे. गोऱ्याचा चेहरा धरून एक्सपोजर ठेवलं की दुसऱ्याचे डोळे आणि दात तेवढे दिसतात. नवशिका मग काय करतो? गडद चेहऱ्यावर थेट दिवा मारतो. कपाळावर आणि नाकावर पांढरे डाग पडतात, गाल तसेच काळे.

कारण असं की गडद त्वचा पसरून परत देते तो प्रकाश कमी, म्हणून आरशासारखी चमक तुलनेने जास्त उठून दिसते. त्यामुळे किती प्रकाश टाकला यापेक्षा चेहऱ्यात कशाचं प्रतिबिंब पडतंय हे महत्त्वाचं. दिवा लहान आणि प्रखर असेल तर प्रतिबिंब म्हणजे एक ठिपका. पृष्ठभाग मोठा आणि मऊ असेल तर गालाच्या हाडावरून सलग उजळ पट्टा उतरतो आणि चेहऱ्याला गोलाई येते. म्हणून मोठं पांढरं कापड किंवा आपल्याकडचा थर्माकोल बाजूला, चेहऱ्याच्या शक्य तितका जवळ, आणि दिवा त्या थर्माकोलवर. पावडर बंद, ती नेमकी हवी तीच चमक मारते. त्याऐवजी मॉइश्चरायझर किंवा किंचित तेल. गोऱ्या नटाकडे जाणारा प्रकाश जाळीने किंवा कटरने कापायचा, गडद नटाचा वाढवत बसायचं नाही. मागची भिंत पांढरी नको. लेन्सवर पोलरायझर असेल तर फिरवून चमक कमी-जास्त करता येते, पण पूर्ण मारली की त्वचा मातीसारखी दिसते.

'मूनलाइट' (२०१६) पाहा. छायालेखक जेम्स लॅक्स्टन. मायामीचं ऊन, चेहऱ्यावर पावडरीऐवजी तेलाची चमक, आणि सावल्या भरून काढायचा हट्ट नाही. रंगसंस्कार करणाऱ्या अ‍ॅलेक्स बिकेलने तीन भागांना तीन वेगळ्या फिल्मचा पोत दिला: पहिल्याला फुजी, दुसऱ्याला आग्फा, तिसऱ्याला कोडॅक. सगळं डिजिटलवर. बजेट सुमारे १५ लाख डॉलर, म्हणजे पैशाचं कारण कोणी सांगू नये.

खुसपट:
हे आवडलं. कोडॅकचं 'शर्ली कार्ड' म्हणतात ते यातूनच ना? सिनेमाची फिल्म गोऱ्या बाईवरून बेतायचे?

निगेटिव्ह:
दोन गोष्टींची गल्लत होते. शर्ली कार्ड स्टिल फोटोंच्या लॅबचं: गोऱ्या मॉडेलचा प्रमाण फोटो, त्याच्याशी प्रिंटचे रंग जुळवायचे. अनेक वंशांच्या मॉडेलची कार्डं आली ती १९९० च्या दशकात. सिनेमाच्या लॅबमध्ये रिळाच्या सुरुवातीला काही फ्रेम जोडलेल्या असत, राखाडी पट्ट्यांशेजारी एक बाई, तीही बहुतेकदा गोरीच. तिला 'चायना गर्ल' म्हणत (चिनी असण्याशी संबंध नाही). जात एकच, वापर वेगळा. आणि फिल्म सुधारली तीही नटांच्या तक्रारींमुळे नाही. चॉकलेट आणि लाकडी फर्निचरच्या कंपन्यांनी जाहिरातीत गडद छटा नीट येत नाहीत म्हणून ओरडा केला, तेव्हा कोडॅकने मनावर घेतलं. असो.

वेणीफणी:
केसांचं कोणी बोलत नाही. कुरळ्या, घट्ट वळ्यांच्या केसांचं काम येणारा माणूस सेटवर नसेल तर गोऱ्या नटीला खुर्चीत एक तास आणि कृष्णवर्णीय नटी पहाटे घरूनच केस करून येणार, स्वतःच्या पैशाने. चूक नेहमीची: सरळ केसांच्या पद्धतीने कोरडे विंचरायचे, हीट लावायची, केस तुटतात आणि पुढच्या शॉटला कंटिन्युइटी जुळत नाही. ओले करून, कंडिशनर लावून, टोकाकडून मुळाकडे सोडवायचे असतात. उपाय निर्मितीच्या वेळापत्रकातच लागतो: केशभूषाकाराची नेमणूक नटीचं नाव पक्कं होताच, चाचणी शूटिंगच्या किमान आठवडाभर आधी. 'मा रेनीज ब्लॅक बॉटम'साठी मिया नील आणि जमिका विल्सन रंगभूषा-केशभूषेचं ऑस्कर जिंकल्या २०२१ मध्ये, त्या विभागातल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रिया. २०२१!

पडद्याआड_पक्या:
स्टंटमध्येही तेच. गोऱ्या स्टंटमनला काळा रंग फासून कृष्णवर्णीय नटाचा डबल करणं, याला तिथे 'पेंट डाउन' म्हणतात. बाईच्या जागी पुरुषाला टोप घालून उभं केलं तर 'विगिंग'. कारण दरवेळी एकच: "ऐनवेळी कोणी मिळालं नाही." ऐनवेळी शोधल्यावर मिळणार कसं?

खुसपट:
पण शेवटी गल्ला महत्त्वाचा. परदेशात असे चित्रपट चालत नाहीत म्हणून निर्माते घाबरतात हे तरी मान्य?

तिसरी_घंटा:
घाबरतात हे मान्य. घाबरण्याची पद्धत बघा. स्वतंत्र चित्रपटाचे हक्क बनण्याआधीच देशोदेशी विकतात, कान आणि बर्लिनच्या बाजारात. विक्री एजंट देशनिहाय तक्ता बनवतो: या नटाच्या नावावर जर्मनीत इतके, जपानमध्ये इतके. त्या करारांच्या तारणावर बँक कर्ज देते. तक्त्यातला आकडा येतो नटाच्या आधीच्या चित्रपटांवरून. आधी मुख्य भूमिकाच मिळाली नसेल तर आकडा शून्याजवळ, म्हणून याही वेळी मिळत नाही. पक्याने वर म्हण टाकलीच आहे.

संधी मिळाल्यावरचे आकडे: 'गेट आउट' (२०१७) खर्च ४५ लाख डॉलर, जगभर कमाई २५ कोटींच्या वर. 'क्रेझी रिच एशियन्स' (२०१८) खर्च ३ कोटी, कमाई २३ कोटींच्या वर. 'ब्लॅक पँथर' (२०१८) १३० कोटींच्या वर, त्यात एकट्या चीनमधून १० कोटींच्या पुढे, आणि चीनमध्ये चालणार नाही असंच सगळे म्हणत होते. तीन चित्रपटांवरून नियम काढत नाही, पण "चालतच नाहीत" हे विधान मोडायला एकही पुरतो.

कोपऱ्यातली_खुर्ची:
अवांतर: भानू अथय्यांचं ऑस्कर इथे मोजायचं का? कोल्हापूरच्या, 'गांधी'ची वेशभूषा.

आडपडदा:
अवांतर कसलं. 'गांधी' (१९८२) ब्रिटिश-भारतीय निर्मिती, हॉलिवूड नव्हे. पुरस्कार जॉन मोलो यांच्यासोबत विभागून. पण आजच्या ब निकषात वेशभूषाकार हे विभागप्रमुखांच्या यादीतलं पद आहे. भानूताई त्या एका जागेवर 'स्त्री' आणि 'वांशिक अल्पसंख्य' दोन्ही खात्यांत बसल्या असत्या. तरी एकट्या त्यांच्यावर निकष पुरा होत नाही, कारण अशी पदं दोन लागतात.

खुसपट:
बरं बाबा, आरक्षण शब्द मागे घेतो. सैल आहेत यावर सहमत. निगेटिव्ह, एक शेवटचं: मर्ल ओबेरॉनच्या नावाने एक दिवाही आहे ना?

निगेटिव्ह:
आहे. ओबी लाइट. १९३७ च्या मोटार अपघातात तिच्या चेहऱ्यावर व्रण राहिले होते. छायालेखक ल्युसियन बॅलर्डने (पुढे तिचा नवरा) लेन्सला अगदी चिकटून छोटा दिवा लावला; समोरून सपाट प्रकाश आला की व्रणांची सावलीच पडत नाही. नाव तिचंच पडलं, आणि कॅमेऱ्यावरच्या डोळ्यांच्या दिव्याला अजून ओबीच म्हणतात. गडद त्वचेवर वापरताना जपून: दिवा लेन्सच्या रेषेत असल्याने कपाळावरचं प्रतिबिंब सरळ लेन्समध्ये येतं. डिफ्युजनचे दोन थर लावा, डिमर खाली आणा, आणि डोळ्यात ठिपका दिसायला लागला की तिथेच थांबा.